अंधारघळीतला नियम एकोणचाळीस

परळच्या शाळेत एकोणीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला चार तास तोंड उघडू नका असं सांगणं हा शुद्ध छळ आहे. हितेंद्र तुळसकरच्या बाबतीत तर जास्तच. त्याच्या वर्गातली पोरं सांगतात, की आपण फळ्यावर अधिकचं चिन्ह काढायला हात उचलला आणि तिथं वजा हवं असेल, तर खडू टेकायच्या आधी सर ओरडतात. अशा माणसाला एका रविवारी भर दुपारी, लालबागच्या स्वतःच्या घरात, स्वतः लिहिलेल्या पुस्तकाची लोक वाट लावत असताना, खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर मिठाची गुळणी धरून बसावं लागलं. आणि हे त्याच्यावर लादलं कोणी? कोणी नाही. त्यानं स्वतः हो म्हटलं होतं.

झालं होतं असं. हितेंद्रनं अकरा वर्षं खपून एक खेळ रचला होता, 'अंधारघळ' नावाचा. यात पट नाही, सोंगट्या नाहीत. तीनचार माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो, की बाबांनो पुढं दलदल आहे आणि दलदलीत काहीतरी हलतंय. बाकीचे एकेक पात्र घेतात, कोणी भालदार होतो, कोणी वैदू, कोणी वाटाड्या, आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगतात. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ऐकायला सोपं वाटतं. पण लढाईत आधी वार कोणाचा, ढाल धरली तर किती मार वाचला, जखमी माणूस पळू शकतो का, आणि नवखा गडी हळूहळू कसा तयार होत जातो, याचे नियम कोणीतरी बसून लिहावे लागतात. ते हितेंद्रनं लिहिले. दोनशे बारा पानं झाली. दिवाळीच्या सुट्ट्या गेल्या, मेच्या सुट्ट्या गेल्या, एक ठरत आलेलं लग्नसुद्धा गेलं असं शेजारपाजारचे म्हणतात, पण ते जरा जास्तच आहे. ते लग्न पत्रिकेवरून मोडलं.

मग गिरगावातले मनमोहन विजयकर भेटले. तीन पिढ्यांचे प्रकाशक, मुलांची पुस्तकं, कोडी, नकाशे छापणारे. साठी उलटलेला, पांढऱ्याशुभ्र शर्टातला, मोजकं बोलणारा माणूस. त्यांनी पुस्तक आठवडाभर ठेवून घेतलं आणि म्हणाले, की वाचायला छान आहे, पण हा खेळ तुमच्याशिवाय चालतो का? पुस्तक विकलं गेल्यावर तुम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन समजावणार आहात का? तेव्हा अट अशी. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशा दोघांनी तो माझ्यासमोर पुस्तकावरून खेळायचा. सूत्रधार माझी पुतणी उर्वी, तिनंही तो पाहिलेला नाही. तुम्ही खोलीत बसा हवं तर, पण एक शब्द बोललात की मी उठलो, आणि विषय संपला. गप्प राहून खेळ पार पडला तर पुस्तक मी छापतो.

अट रास्त होती. यातली चूक काढता येईना म्हणून तर हितेंद्रचा जळफळाट जास्त.

पण खेळ न पाहिलेली दोन माणसं आणायची कुठून? शाळेतली पोरं, स्टाफरूममधली मंडळी, दादरच्या वाचनालयातले दोस्त, अकरा वर्षांत हितेंद्रनं कोणाला म्हणून सोडलं नव्हतं. उरली दोनच. एक अभिषेक, त्याच मजल्यावरचा, लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा, वजन ब्याण्णव किलो, गोविंदा पथकात गेली दहा वर्षं तळाच्या थराला उभा राहणारा. आणि दुसरी हितेंद्रची थोरली बहीण, बेबीताई. तिनं अकरा वर्षं त्या कागदांवरची धूळ झटकली, भाजी निवडताना ते बाजूला सरकवले, पाहुणे आले की गठ्ठा करून कपाटावर टाकला, पण एक पान उघडून वाचलं म्हणून नाही. सत्तावन्न वर्षांची बाई. मिरची गल्लीत मसाल्याच्या दुकानात चाळीस वर्षं उभी. तिला वीस बाजूंचा फासा समजावणार कोण? उर्वी समजावणार, पुस्तकावरून. हितेंद्रला आदल्या रात्रीच झोप लागली नाही.

तीनला खेळ सुरू झाला. त्याआधी बेबीताईनं विजयकरांना चहा आणि मालवणी खाजा दिला आणि गिरगावात चांगलं पाणी येतं का याची चौकशी केली. मग ती चष्मा पुसून बसली. उर्वी तेवीस-चोवीसची, स्वच्छ स्पष्ट बोलणारी, पुस्तकाला खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या लावून तयारीनं आलेली. तिनं सांगितलं, की पहिल्यांदा पात्र निवडायचं. अभिषेकनं भालदार निवडला. बेबीताईनं चारही पात्रांचे कागद समोर मांडून पाहिले आणि वैदू घेतला. का, तर त्याच्याकडं हत्यारं कमी, म्हणजे लिहायला कमी. पात्राला नाव काय देणार असं उर्वीनं विचारलं. बेबीताई म्हणाली, वैदू. अभिषेक म्हणाला, मग माझ्याचं अभिषेकच लिव.

पात्राला नाव कसं द्यावं यावर हितेंद्रनं दीड पान लिहिलं होतं. डोंगरी मुलखातली नावं, नदीकाठची नावं, नावावरून पात्राचं पूर्वायुष्य कसं सुचतं ते. त्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला. विजयकरांनी वहीत काहीतरी टिपलं.

दलदल पार पडली. कशी पडली ते हितेंद्रचं हितेंद्रला माहीत. वार आधी कोणाचा हे फाशानं ठरतं, ज्याचा आकडा मोठा तो आधी. तर बेबीताईचा आकडा मोठा आला की ती म्हणायची, तू मार रे आधी, तुला घाई आहे. उर्वीनं दोनदा नियम वाचून दाखवला, की पाळी अशी देता येत नाही. तेव्हा बेबीताईनं नाइलाजानं वैदूच्या मुसळानं एका मगरीला हळूच मारलं. हळूच म्हणजे काय? फाशात हळूच नसतं. अठरा पडले, मगर मेली. बेबीताईला वाईट वाटलं, ते दिसलं.

पण खरा कडेलोट पुढं झाला, मुक्कामावर. या खेळाचा कणा आहे पायऱ्या. प्रत्येक प्रसंग निभावला की पात्राला अनुभवाचे गुण मिळतात. मुक्कामाला शेकोटी पेटवून बसलं की ते गुण खर्चायचे आणि पुढची पायरी चढायची. दुसऱ्या पायरीला चार गुण, तिसरीला आणखी सहा. पायरी चढली की अंगात दम वाढतो, नवी विद्या येते. दम म्हणजे पात्राचा जीव, आकड्यात लिहिलेला. मार बसला की दम कमी होतो, शून्य झाला की पात्र मेलं. भालदार चढेल तसा दणकट होत जातो. वैदूला दुसऱ्या पायरीवर जखम बांधता येते आणि तिसऱ्या पायरीवर पडलेला माणूस त्याच फेरीत उठवता येतो. या एका विद्येचा भाव सहा गुण की सात यावर हितेंद्रनं अख्खा श्रावण घालवला होता.

दोघांना चार-चार गुण मिळाले. अभिषेकनं लगेच खर्चले, भालदार दुसऱ्या पायरीवर गेला. उर्वीनं बेबीताईला विचारलं, मावशी तुम्ही चढणार ना? बेबीताईनं कागदावरच्या त्या चार रेघांकडं बघितलं आणि म्हणाली, "राहू दे गो. अडीनडीला होतील."

आता याला काय म्हणायचं? उर्वीनं बिचारीनं समजावलं, की नुसते ठेवून त्यांचा उपयोग नाही, चढल्यावरच होतो. बेबीताईनं मान डोलावली, समजलं म्हणाली, आणि ठेवले. दुसऱ्या मुक्कामावर नऊ झाले. ठेवले. तिसऱ्या मुक्कामावर चौदा झाले, आणि भालदार तिसऱ्या पायरीवर जाऊन अठरा दम घेऊन छाती काढून उभा असताना वैदू आपला पहिल्या पायरीवर, आला होता तसाच. हितेंद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. दोनशे बारा पानांत हे असं कोणी करेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि यायला हवं होतं, कारण तो तिच्याच घरात वाढला होता. नवा कुकर चार वर्षं माळ्यावर पडून आहे, कारण जुना अजून शिट्टी देतो. अभिषेकच्या आईनं दिलेली साडी घडी न मोडता तशीच आहे, तिला बाहेर काढायचा प्रसंग अजून उगवायचाय. दुकानातून मालक दिवाळीला सुका मेवा देतो, तो होळीपर्यंत जातो आणि मग त्याला पोरकिडे लागतात, आणि मग ती निवडत बसते. बाई, जे आहे ते वापर ना. हे वाक्य हितेंद्रनं आयुष्यात हजारदा म्हटलं असेल. आता ते त्याच्या टाळूला चिकटून बसलं आणि बाहेर काढायची सोय नव्हती.

बेबीताई मात्र त्याच्याकडं बघतही नव्हती. दुपारभर तिनं त्या खिडकीच्या बाजूला मान वळवली नाही. उगाच नजरानजर व्हायची आणि हा बोलून बसायचा, एवढं तिला कळत होतं. हे पुस्तक छापलं जावं असं त्या घरात सगळ्यात जास्त कोणाला वाटत असेल तर तिला. तिनं शेजारणींना आधीच सांगून ठेवलं होतं, की आमच्या हितूचं पुस्तक येतंय, कसलं ते विचारू नका, मला नाही माहीत.

तिच्याबद्दल एवढं तरी सांगायला हवं. एकोणीसशे पंच्याऐंशी साली बेबी तुळसकर बारावी झाली आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. यादीत नाव आलं होतं, वडिलांनी ते स्वतः जाऊन बोटानं शोधलं होतं. पण वडिलांची गिरणी संपानंतर पुन्हा उघडली नव्हती, ते घरात बसून होते, आणि धाकटा हितू चार वर्षांचा. महिन्याभरात ती मिरची गल्लीत दुकानावर उभी राहिली. त्याचं पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंत आणि मग बी.एड. त्या दुकानातून झालं. ठसका लागून लागून तिचा आवाज कायमचा जाडा झाला. नर्सिंगचं कधी कोणी काढलंच तर ती म्हणते, राहून गेलं. जशी काही गॅसची शेगडी पुसायची राहून गेली. तिनं ते कधी ऐकवलं नाही, कधी त्याच्यावर चढवलं नाही, आणि खरं सांगायचं तर हितेंद्रला त्याचाच जास्त त्रास होतो. एकदा दोनदा ऐकवलं असतं तर भांडता आलं असतं.

साडेसहाला शेवटची लढाई आली. घळीच्या तोंडाशी राखणदार, बारा हात उंच, दगडी. उर्वीनं वर्णन छान वाचलं, विजयकर पहिल्यांदा पुढं सरकून बसले. राखणदाराला खालून वार लागत नव्हता. तेव्हा उर्वीनं नियम वाचला, उंचावर उभं राहून वरून केलेल्या वाराला तीन अधिक. हितेंद्रच्या मनात होते कडे, झाडं, पडक्या भिंती. घळीचं चित्रच त्यानं तसं काढलं होतं, डाव्या हाताला चांगला रुंद कडा दाखवून. अभिषेकनं चित्राकडं ढुंकून पाहिलं नाही. तो म्हणाला, वरून ना? मग मावशी माझ्या खांद्यावर.

उर्वीनं पानं उलटली. नियमात एवढंच होतं, की वर उभं असावं. कशावर ते नव्हतं. खांदा चालणार नाही असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. हितेंद्रनं डोळे मिटून घेतले.

वैदू भालदाराच्या खांद्यावर चढला आणि बेबीताईच्या मुसळाचे घाव खरंच बसायला लागले. नऊ. मग आठ. विजयकर हसले. पण खालून राखणदाराचा हात फिरला, आणि उर्वीनं विचारलं, ढाल धरली आहे ना? अभिषेक म्हणाला, ढाल कशानं धरू? दोन्ही हातांनी मावशीचे पाय धरलेत. उर्वी म्हणाली, एक हात सोडा. त्यानं मान हलवली. ती पुन्हा म्हणाली, की ढाल नसेल तर पूर्ण मार बसतो, सात दम जाईल. अभिषेकनं तिला जरा नवलानंच पाहिलं, जणू पोरगी काहीतरी अचाट बोलली. तळाला उभा असताना पाय सोडायचे नसतात, म्हणाला. वर माणूस आहे.

सात गेले. पुढच्या फेरीत सहा गेले. सोडा ना, उर्वी तिसऱ्यांदा म्हणाली. कडा आहे, शेजारी कडा आहे, हितेंद्रचे ओठ नुसते हलत होते. त्याच्या हिशेबात हा लढा बुद्धीचा होता, कडा शोधा, ढाल धरा, वैदूनं मागून जखमा बांधाव्यात. आणि इथं एक माणूस मार खात खांब होऊन उभा आणि एक बाई त्याच्यावर उभी राहून मुसळ चालवतेय, पुंजी कनवटीला लावून. फासा घरंगळला. पाच. अठरातले अठरा गेले. भालदाराचा दम शून्य.

उर्वीनं पुस्तक सरळ केलं आणि हळू आवाजात वाचलं, की दम शून्य झाला की पात्र मरतं, त्याचा कागद फाडायचा. मग ती बेबीताईला म्हणाली, की तुम्ही तिसऱ्या पायरीवर असतात तर आत्ता त्याला उठवता आलं असतं. बेबीताईनं विचारलं, मग आत्ता चढू का? उर्वी म्हणाली, लढाईत नाही चढता येत, मुक्कामावरच.

"मग हे चौदा त्याच्या दमात घाल," बेबीताई म्हणाली. "ठेवलेत ते कशाला? हीच तर अडीनड आली."

तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की अभिषेकनं लगेच पेन्सिल तिच्याकडं सरकवली. ते दोघं मोकळे झाले होते. पण उर्वी प्रामाणिक पोरगी, चिठ्ठ्या लावून आलेली. तिनं एकोणचाळिसावा नियम काढला आणि वाचला. अनुभव ज्याचा त्याचा. तो दुसऱ्याला देता येत नाही, दुसऱ्याकडून घेता येत नाही. फुकट चढलेला खेळाडू खेळाची नासाडी करतो.

हा नियम हितेंद्रनं सहा वर्षांपूर्वी लिहिला होता. नववीतल्या चार पोरांनी आपापले गुण एकाच दोस्ताला दिले होते आणि तो दुसऱ्याच दिवशी पाचव्या पायरीवर जाऊन बसला होता. हितेंद्र भयंकर चिडला. त्यानं घरी येऊन एका बैठकीत हे तीन ओळींचं कलम लिहिलं, आणि शेवटचं वाक्य लिहिताना त्याला चक्क अभिमान वाटला होता. या एका नियमावरून कधी वाद झाला नाही, कोणी शंका काढली नाही. दोनशे बारा पानांतला सगळ्यात स्वच्छ नियम.

बेबीताईनं पुस्तक आपल्याकडं ओढलं. तिला कानावर आलेलं पटलं नसावं. चष्मा नाकावर सारखा करून तिनं ओळीखाली बोट ठेवलं आणि ओठ हलवत ते वाचलं. पहिलं वाक्य, दुसरं वाक्य. तिसऱ्या वाक्यावर बोट जरा थांबलं. मिरचीनं कायमचं तांबूस झालेलं ते बोट हितेंद्रला खिडकीपासून दिसत होतं. फुकट चढलेला. ते लिहिणारा कोणाच्या जिवावर पदवीधर झाला, मास्तर झाला, फासे टाकत बसायला मोकळा झाला, हे त्या खोलीत दोनच माणसांना नीट ठाऊक होतं. त्यातलं एक आत्ता ते वाक्य वाचत होतं, आणि तरी खिडकीकडं बघत नव्हतं. कसलीही तक्रार चेहऱ्यावर नाही. हितेंद्रला वाटलं, निदान आता तरी बघ. एकदा वळून बघ आणि दोन शिव्या घाल.

बेबीताईनं पुस्तक उर्वीकडं परत सरकवलं. "असू दे," ती म्हणाली. "लिहिलंय ना तसं. मग तसंच करायचं. फाड रे कागद."

म्हणजे झालं. खेळ पार पडला. कधी न पाहिलेल्या दोन माणसांना पुस्तकावरून नियम कळले, एकोणचाळिसावासुद्धा कळला, आणि त्यांनी तो पाळला. विजयकरांनी वहीत एक शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली, आणि चार तासांत पहिल्यांदा हितेंद्रकडं बघून मान हलवली. अकरा वर्षं ज्या एका मानेच्या हलण्यासाठी काढली, ती हलली होती. आता फक्त कागद फाटायचा होता. मग चहा, मग पुढचं बोलणं. आणखी अर्धं मिनिट गप्प बसलं की पुरे होतं. अभिषेकनं तोंड पाडून भालदाराचा कागद दोन्ही हातांत धरला.

"फाडू नकोस," हितेंद्र म्हणाला.

खोलीतले सगळे त्याच्याकडं वळले. आता बेबीताईही वळली.

"नियम चुकलाय," तो म्हणाला. त्याचा आवाज चार तासांच्या मौनानं घोगरा निघाला. "गुण देता येतात. ज्याला द्यायचे त्याला देता येतात. मी लिहिताना चुकलो."

विजयकरांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता वैताग होता, गिरगावातून रविवारची झोप मोडून आलेल्या माणसाचा. म्हणाले, "सर, अट मोडलीत. पुस्तक पास झालं होतं. हे बघा, मी लिहिलंय इथं."

"मग खोडा," हितेंद्र म्हणाला.

त्यांनी ते खोडलं. शब्दाचा पक्का माणूस. पुस्तक टेबलावर ठेवलं, वही पिशवीत घातली, यंदाचा विषय संपला असं म्हणाले, बेबीताईला खाजा उत्तम होता असंही सांगितलं आणि पायात चपला घालायला दाराशी गेले. उर्वी उठली नाही. काका, तुम्ही खाली व्हा, मी आलेच, म्हणाली.

आणि मग बेबीताई सुटली. तिला एवढं चिडलेलं अभिषेकनं कधी पाहिलं नव्हतं. मेल्या, म्हणाली, अकरा वर्षं कागद काळे केलेस, अर्धं मिनिट जीभ आवरली नाही तुला? मी चार तास मान आखडून बसले ती कशासाठी? मला काय हौस आहे मगरी मारायची? खेळातला माणूस होता तो, कागदावरचा, मेला असता तर कोणाचं काय बिघडत होतं? तिनं पुन्हा विचारलं, सांग ना, काय बिघडत होतं? हातातोंडाशी आलेलं घालवलंस, आणि वर नियम चुकला म्हणतोस. लिहिताना काय झालं होतं? तेव्हा डोकं कुठं होतं?

"तेव्हा मला कळलं नव्हतं, ताई," हितेंद्र म्हणाला.

एकोणीस वर्षं फळ्यापुढं उभ्या राहिलेल्या या माणसानं आपल्याला एखादी गोष्ट कळली नव्हती असं म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं पदरानं चष्मा पुसला, तो आधीच पुसलेला होता. अभिषेक कागद हातात धरून तसाच बसला होता. त्यानं चाचरत विचारलं, की मग आपला माणूस जिवंत का मेला, ते एकदा फायनल सांगा.

उर्वीनं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि बेबीताईला विचारलं, मावशी, किती गुण देताय? बेबीताईनं पेन्सिल घेतली आणि आपल्या कागदावरच्या रेघा एकेक करून खोडायला लागली.

हितेंद्र खुर्ची ओढून टेबलाशी आला. राखणदाराचा अजून निम्मा दम बाकी होता आणि वैदू पहिल्याच पायरीवर होता, पुढचा एक मार बसला तर तो संपणार हे त्याला स्वच्छ दिसत होतं. "ताई, सगळे नको," तो चिडून म्हणाला. "निदान चार ठेव तुला."

"मला कशाला?" बेबीताई म्हणाली, आणि तिनं भालदाराच्या कागदावर चौदाच्या चौदा लिहिले.